बागकामाने मनाला नेमके काय मिळते, आणि कधी मिळत नाही?

रानवाट (धागाकर्ती)

झाडाझुडपांत रमले की मन प्रसन्न होते, हे सगळेच मान्य करतात. मग त्यासाठी वेगळा धागा कशाला, असे कोणी विचारेल. कारण एवढेच, की ‘प्रसन्न होते’ असे म्हणून आपण तिथेच थांबतो. बरे वाटते ते नुसते हिरवे पाहून, की हात मातीत घातल्याने? स्वतः लावलेले रोप वाढताना दिसते म्हणून, की तेवढा वेळ फोन हातात नसतो म्हणून? या निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या सुट्या करून पाहिल्या नाहीत, तर ज्याच्याकडे अंगण नाही, ज्याला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही किंवा ज्याला नैराश्यात सकाळी उठणेसुद्धा जड जाते, त्याला यांतले काय उपयोगी पडेल हे सांगता येत नाही.

आधी नुसत्या पाहण्याबद्दल. रॉजर उलरिच यांचा १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात हटकून सांगितला जातो. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वय, लिंग, धूम्रपानाची सवय अशा बाबतींत एकमेकांशी जुळणारे रुग्ण जोडीजोडीने निवडले; जोडीतल्या एकाच्या खिडकीबाहेर झाडे होती, दुसऱ्याच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. अशा २३ जोड्यांत झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, शिवाय पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान आहे आणि एकाच इमारतीतला आहे, त्यामुळे त्याच्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये. तरीही यातल्या कोणीही झाडाला पाणी घातले नव्हते, खाटेवर पडल्या पडल्या फक्त पाहिले होते, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

असे का व्हावे, याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ साली सविस्तर मांडले. हिशेब तपासताना किंवा रहदारीतून गाडी चालवताना आपण जोर लावून लक्ष देतो आणि लक्ष विचलित करणारे बाकीचे सगळे दाबून धरतो. हे दाबून धरणे दमवणारे असते. ती ताकद संपत आली की माणूस चिडचिडा होतो, साधे निर्णय घेतानाही अडखळतो. उलट पानांची सळसळ, वाहते पाणी, फांदीवरून फांदीवर जाणारा पक्षी यांच्याकडे लक्ष आपसूक जाते, त्यासाठी जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या अवधीत त्या दमलेल्या लक्षाला उसंत मिळते. मोबाइलकडेही लक्ष आपसूकच जाते, मग त्याने विश्रांती का मिळत नाही, हा प्रश्न इथे येतो. कॅप्लन यांचा भर लक्ष किती व्यापले जाते यावर आहे: एका मागोमाग एक येणारी चित्रे लक्षाला पूर्ण बांधून ठेवतात, झाडाकडे पाहताना मात्र मनात मोकळी जागा उरते.

या मोकळ्या जागेत नको ते विचार शिरतील, ही भीती अगदीच निराधार नाही. पण ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ३८ निरोगी व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात वेगळे दिसले. अर्ध्या लोकांना गवताळ, विरळ झाडांच्या परिसरात ९० मिनिटे चालायला पाठवले, अर्ध्यांना वर्दळीच्या रस्त्याने. पहिल्या गटात स्वतःबद्दलचे तेच ते त्रासदायक विचार घोळवत राहणे कमी झाले, आणि त्या घोळवण्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली. दुसऱ्या गटात असा फरक आढळला नाही.

आता प्रत्यक्ष बागकाम. नेदरलँड्समध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३० बागकाम करणाऱ्यांना आधी मुद्दाम ताण येईल असे काम दिले, आणि मग काहींना अर्धा तास बागेत काम करायला, काहींना घरात बसून वाचायला सांगितले. ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन्ही गटांत उतरले, बागेतल्यांत अधिक उतरले. बागेतल्यांचे मन पूर्ववत झाले, वाचणाऱ्यांचे उलट आणखी खट्टू झाले. मात्र एक गट बाहेर होता आणि दुसरा घरात, शिवाय सगळेच मुळात बागेची हौस असणारे. त्यामुळे श्रेय मोकळ्या हवेचे, श्रमांचे की हौसेचे, हे यातून कळत नाही.

माझे मत असे आहे की पाहण्याने मन शांत होते, पण बागकामात त्याहून एक निराळी गोष्ट घडते: आपल्यावाचून अडणारे, तरीही आपल्या हुकमतीत नसलेले काहीतरी आपल्या दिवसात येते. घेवड्याचे बी रुजताना जवळून पाहावे. आधी मातीला बारीक भेग पडते, तिच्यातून फिकट रंगाचा वाकलेला देठ वर येतो, पण शेंडा अजून मातीतच असतो. तो वाकलेला भाग मातीचे ढेकूळ बाजूला सारतो, उजेड लागल्यावर हळूहळू सरळ होतो, आणि मग दोन जाड दले उघडतात. कधीकधी बियांचे साल एका दलावर टोपीसारखे अडकून बसते. ते बोटाने काढून टाकण्याचा मोह होतो, आणि घाई केली तर दलच तुटते. पाणी देणे आपल्या हाती आहे, वेग आपल्या हाती नाही. चिंतेने ग्रासलेल्या माणसाला ही विभागणी कोणी शब्दांत समजावली तर पटत नाही. कुंडीपाशी ती रोज हाताने करावी लागते.

तुमचे अनुभव आणि विशेषतः मतभेद वाचायला आवडतील. बागकामाचा उपयोग झाला नाही, असा अनुभव असेल तर तो आवर्जून लिहावा.

शंकेखोर

धागा आवडला, पण काही ठिकाणी ब्रेक लावतो.

निसर्ग आणि मन यांच्याबद्दलचे बहुतेक आकडे केवळ सहसंबंध दाखवतात, म्हणजे दोन गोष्टी सोबत आढळतात एवढेच; एकीमुळे दुसरी होते असे त्यातून सिद्ध होत नाही. उदाहरणार्थ, आठवड्यातून १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांचे आरोग्य आणि समाधान अधिक असते, हा २०१९ सालचा निष्कर्ष सर्वत्र फिरतो. तो इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीवर आधारलेला आहे. पाहणी चांगलीच आहे, पण ज्यांची तब्येत आणि मन ठीक असते तेच बाहेर पडतात, ही शक्यता अशा पाहणीने दूर होत नाही. दीर्घ आजाराचा किंवा अपंगत्वाचा विचार केल्यावरही संबंध टिकला, हे खरे. तरी १२० हा आकडा औषधाच्या मात्रेसारखा सांगणे मला पटत नाही.

दुसरे म्हणजे मातीतला तो ‘आनंदी जीवाणू’. मायकोबॅक्टेरियम व्हॅकी या जीवाणूचा उंदरांवर प्रयोग झाला, २००७ साली त्यावरचा निबंध आला, आणि त्यात उंदरांच्या मेंदूतील सेरोटोनिन हे मनःस्थितीशी संबंधित रसायन तयार करणाऱ्या काही पेशी सक्रिय झालेल्या दिसल्या. तिथे जीवाणू मारून टोचलेले होते. त्यावरून ‘मातीत हात घातले की नैराश्य जाते’ असा संदेश तयार करून तो घरोघर पाठवणे म्हणजे उंदराच्या पाठीवर हत्तीची अंबारी चढवणे आहे.

तिसरे, घरातली झाडे हवा शुद्ध करतात म्हणून मन ताजेतवाने राहते, हेही विसरावे. मूळ प्रयोग नासाने १९८९ साली बंद, लहान पेट्यांमध्ये केले होते. पुढे २०१९ साली अशा प्रयोगांची फेरमांडणी झाली तेव्हा दिसले की खिडक्या-दारांतून होणाऱ्या साध्या वायुवीजनाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला किमान १० आणि कदाचित १,००० झाडे ठेवावी लागतील. तेवढी झाडे ठेवली तर माणसाला बाहेर राहावे लागेल, आणि त्याने कदाचित खरोखरच बरे वाटेल.

रानवाट

जीवाणूबद्दल आणि हवेबद्दल पूर्ण सहमत. सहसंबंधाबद्दल मात्र एक उत्तर उपलब्ध आहे. फिलाडेल्फिया शहरातील ५४१ ओसाड, कचऱ्याने भरलेल्या मोकळ्या जागांवर एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. कोणत्या जागी काय करायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते: काही ठिकाणी कचरा काढून गवत आणि थोडी झाडे लावली, काही ठिकाणी फक्त साफसफाई केली, काही जागा होत्या तशाच ठेवल्या. आसपास राहणाऱ्यांना आधी आणि नंतर प्रश्न विचारले. हिरव्या केलेल्या जागांजवळच्या लोकांत उदास वाटण्याचे प्रमाण, काहीच न केलेल्या जागांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटले. नुसत्या साफसफाईने तसा ठोस फरक दिसला नाही. इथे उत्साही माणसे झाडांकडे गेलेली नाहीत, झाडे माणसांकडे आलेली आहेत. म्हणून तुमचा आक्षेप या प्रयोगाला लागू होत नाही.

शंकेखोर

मान्य. हा प्रयोग वजनदार आहे. पण त्यातही उत्तर देणारे काही शे लोकच होते, आणि त्यांनी बागकाम केले नव्हते. म्हणजे तुमच्या पहिल्या मुद्द्याला, पाहण्याला, बळ मिळाले. दुसऱ्या मुद्द्याचे काय? २०१७ साली २२ अभ्यासांची एकत्रित छाननी झाली आणि बागकामाने नैराश्य आणि चिंता कमी होते, समाधान वाढते असे दिसले, हे मला ठाऊक आहे. पण त्यांतले अनेक अभ्यास लहान होते. शिवाय २०२२ सालच्या एका प्रयोगात निरोगी स्त्रियांच्या एका गटाला बागकाम आणि दुसऱ्याला चित्रकलेचे वर्ग दिले, तेव्हा दोन्ही गटांचे मन सुधारले. मग झाडांचे विशेष ते काय उरले? हातांना काम आणि चार माणसांची सोबत मिळाली, हेच कारण नसेल कशावरून?

ओलावा

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून या दुसऱ्या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहिते.

नैराश्यात माणसाची इच्छाच आटते. ‘वाटले की करीन’ असे म्हणत तो थांबतो, आणि न केल्यामुळे वाटणे आणखी मागे पडते. म्हणून ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ या प्रस्थापित उपचारपद्धतीत क्रम उलटा करतात: आधी अगदी लहानशी, ठरवून घेतलेली कृती, मग तिच्यामागून येईल तेवढी इच्छा. या कामाला झाडे सोयीची पडतात, कारण कृती दोन मिनिटांची असते, ती रोज करण्याला कारण असते, आणि तिचा परिणाम डोळ्यांना दिसतो. चित्रकलेनेही हे साधते, शंकेखोर यांचा मुद्दा बरोबर आहे. फरक असा की कोरा कागद वाट पाहत नाही; सुकलेली माती पाहते. उलट, चित्र बिघडले तर ते आपल्याकडे बोट दाखवते, झाडाच्या बाबतीत निदान ऊन, कीड, पाऊस असे बरेच वाटेकरी असतात.

जबाबदारीच्या संदर्भात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा १९७६ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. कनेक्टिकट येथील वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितले, की तुमच्या दिवसाचे निर्णय तुम्ही घ्यायचे, आणि हवे असेल तर एक रोप घेऊन त्याची देखभालही तुम्हीच करायची. दुसऱ्या मजल्यावर रोपे दिली, पण पाणी कर्मचारी घालणार होते, आणि इतर काळजीही तेच घेणार होते. काही आठवड्यांनी पहिल्या गटातील वृद्ध अधिक तरतरीत आणि हालते-बोलते दिसले. रोपे दोन्हीकडे होती, ही यातली खुबी आहे. अर्थात पहिल्या गटाला रोपाखेरीज इतर निवडीही मिळाल्या होत्या, म्हणून सगळे श्रेय रोपाला देता येत नाही. आणि पुढच्या पाठपुराव्यात पहिल्या गटात मृत्यू कमी झाल्याचे जे आकडे उत्साहाने सांगितले जातात, त्यांच्या गणितात नंतर दुरुस्ती करावी लागली होती.

आता उलट बाजू, जी फार कमी लिहिली जाते. नैराश्याचा वाईट आठवडा आला की पाणी घालणे राहून जाते, झाड सुकते, आणि मग ते सुकलेले झाड खिडकीत उभे राहून आरोप करू लागते. ‘मला एक झाडसुद्धा जगवता आले नाही’ हे वाक्य मी अनेक वेळा ऐकलेले आहे. म्हणून मन खचलेल्या माणसाला कोणी हौसेने डझनभर कुंड्या भेट देऊ नयेत. त्याला एकच, दुर्लक्ष सोसणारे झाड द्यावे आणि हे मेले तरी चालेल असे देतानाच सांगावे. चांगल्या दिवसांच्या उत्साहाने बाग आखू नये. ती वाईट दिवसांच्या ताकदीला पेलेल एवढीच असावी.

आणि एक व्यावसायिक कर्तव्य म्हणून लिहिते: बागकाम उपचारांच्या जोडीला असते, त्यांच्या जागी नसते. दोन आठवडे किंवा अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना भेटावे. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगावे. चालू असलेली औषधे ‘आता बागेत छान वाटते’ म्हणून स्वतःहून बंद करू नयेत.

बांधावरून

चर्चा वाचतो आहे. मी शेतीत वाढलो, म्हणून एक टोचणारी गोष्ट लिहितो.

माती, झाडे, मोकळी हवा, हातांचे श्रम, बी रुजताना पाहणे, हे सगळे शेतकऱ्याला रोज मिळते. मातीत हात घातल्याने मन बरे होत असते तर शेतकऱ्याइतका सुखी माणूस जगात सापडला नसता. प्रत्यक्षात अनेक देशांत शेती हा मानसिक ताणाचा व्यवसाय मानला जातो. बागेतल्या टोमॅटोवर करपा आला तर संध्याकाळ वाईट जाते. शेतातल्या टोमॅटोवर आला तर कर्जाचा हप्ता जातो. वेग आपल्या हाती नाही, असे धागाकर्तीने मोठ्या समाधानाने लिहिले आहे. ज्याचे पोट त्या वेगावर आहे, त्याची झोप नेमकी त्याच वाक्याने उडते.

तक्रार म्हणून लिहीत नाही. सुख मातीत नसून मातीशी असलेल्या सौद्यात आहे, इतकेच म्हणायचे होते.

रानवाट

बांधावरून, तुमच्या प्रतिसादाने माझ्या मांडणीला एक आवश्यक अट जोडली. जिथे अपयश परवडते, तिथेच वेगावरचा हक्क सोडून देण्यात सुख असते. त्यावरून असेही म्हणता येईल की हौशी बागेतही माणूस स्वतःहून शेतीचा ताण आणू शकतो. फुलांच्या छायाचित्रांची स्पर्धा, इतरांच्या गच्चीशी तुलना, हंगामाला इतके उत्पन्न आलेच पाहिजे असा हट्ट, यांतून बाग हा आणखी एक कामाचा विभाग होऊन बसतो. ओलावा यांनी सांगितलेला आरोप करणारा आवाज तिथेही तोच असतो.

अर्धविराम

सौद्याचा मुद्दा इतिहासातही दिसतो. बेंजामिन रश या अमेरिकी वैद्याने १८१२ सालच्या आपल्या ग्रंथात असे नोंदवले, की मनोरुग्णालयातील जे पुरुष रुग्ण लाकूड तोडणे, बागेत खणणे अशी कामे करत, ते पुष्कळदा बरे होत. ज्यांना प्रतिष्ठेमुळे अशी कामे करावी लागत नसत ते मात्र तिथेच खितपत पडत. उद्यानोपचाराचा, म्हणजे बागकामातून केल्या जाणाऱ्या उपचाराचा, इतिहास सांगताना हे निरीक्षण मोठ्या अभिमानाने पुढे केले जाते.

पण त्याच शतकात अनेक मनोरुग्णालयांच्या भोवती मोठमोठी शेते आणि बागा उभ्या राहिल्या, आणि रुग्णांच्या विनावेतन श्रमांवर संस्थेचा स्वयंपाक चालू लागला. काम तेच, खुरपे तेच. एका ठिकाणी त्याला उपचार म्हणायचे आणि दुसऱ्या ठिकाणी वेठबिगार. आज प्रशिक्षित उद्यानोपचारक रुग्णाच्या उद्दिष्टानुसार काम ठरवतात, हात थरथरणाऱ्याला मोठे बी देतात, एकट्या पडलेल्याला जोडीने करायचे काम देतात, आणि ‘नको’ म्हणण्याची मुभा ठेवतात. माझ्या मते ही मुभा गेली की उपचार संपतो, मग बाग कितीही सुंदर असो. घरातही हे लागू आहे. ‘जा जरा झाडांना पाणी घाल, बरे वाटेल’ हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण ऐकणाऱ्याच्या कानी ते ‘तू उगीच पडून आहेस’ असेच पडते. त्यापेक्षा झारी भरून आपण जावे आणि सोबत येतोस का, असे विचारावे.

खिडकीतले ऊन

मी इथे सहसा फक्त वाचते. माझ्याकडे एकच खिडकी आहे आणि तिच्यात सकाळचे थोडे ऊन येते. गेल्या हिवाळ्यापासून उपचार चालू आहेत. ओलावा यांनी लिहिलेले ते वाक्य मीही म्हटलेले आहे. आधीची सगळी झाडे गेली, आणि रिकाम्या कुंड्या मी पलंगाखाली सरकवून ठेवल्या आहेत. पुन्हा सुरुवात करायची असेल तर कशाने करावी?

कुंडीबहाद्दर

खिडकीतले ऊन, आधी एक दिलासा. घरातली झाडे उपेक्षेपेक्षा अतिप्रेमाने अधिक मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मातीतल्या पोकळ्यांतली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड वरून सुकलेले दिसते, आणि आपण त्याला आणखी पाणी घालतो. तुमची झाडे कशाने गेली मला माहीत नाही, पण ‘मी लक्ष दिले नाही’ हे एकच उत्तर गृहीत धरू नका.

पाणी वाराप्रमाणे घालू नये, बोटाने विचारून घालावे. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. बोटाला गारवा लागला आणि मातीचे कण चिकटून वर आले तर आज काही करायचे नाही. बोट कोरडे निघाले तर कुंडीच्या तळातून पाणी वाहीपर्यंत घालायचे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकायचे. ‘आज काही करायचे नाही’ हेही त्या दिवसाचे काम पूर्ण झाल्याचेच उत्तर आहे.

झाड म्हणून मनीप्लांटची एक फांदी घ्या. पानाच्या देठापाशी खोडावर तपकिरी, टणक उंचवटा दिसतो. मूळ तिथूनच फुटते. त्या उंचवट्याच्या खाली दोन बोटे अंतर सोडून कापा, पाण्याच्या काचेच्या बाटलीत उंचवटा बुडेल अशी ठेवा आणि पाणी गढूळ दिसले की बदला. काचेतून मुळे दिसतात, हा तिचा मोठा फायदा, कारण वर नवे पान येण्याआधी बराच काळ सगळी हालचाल खालीच चालू असते. घरात मांजर, कुत्रा किंवा लहान मूल असेल तर मात्र हे झाड उंचावर ठेवा, पाने चावल्यास तोंडाची आग होते.

वाईट आठवड्याची सोय आधीच करून ठेवता येते. कुंडीतल्या झाडासाठी जाड सुती दोरीचे एक टोक मातीत खोल खोचा, दुसरे शेजारी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात सोडा. माती कोरडी होईल तसे दोरी पाणी ओढत राहते. भांडे कुंडीच्या थोडे वर ठेवले तर बरे.

पलंगाखालच्या कुंड्या राहू द्या तिथेच. जुनी माती पुन्हा वापरायची वेळ येईल तेव्हा हातमोजे घाला. मातीची किंवा खताची पिशवी तोंड जवळ नेऊन फाडू नका, आधी थोडे पाणी शिंपडा, कारण कुंडीच्या मातीत लिजिओनेला लाँगबीचे नावाचा जीवाणू असू शकतो आणि त्याची धूळ श्वासात गेल्यास क्वचित न्यूमोनिया होतो. धनुर्वाताची लस झाली आहे ना, तेही पाहून ठेवा.

ओलावा

यात एकच भर. बाटलीतले पाणी बदलायचे राहिले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काही करायचे नाही. राहिले ते राहिले.

मधली सुट्टी

या चर्चेत नसलेला एक प्रकार मांडते, कोणाला उपयोगी पडला तर. माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. झाडांना पाणी घालणे ही तिची जुनी सवय, आणि आता पाणी घातल्याचे ती विसरते, म्हणून पुन्हा घालते. सुरुवातीला आम्ही तिला अडवायचो, त्यावरून ती चिडायची, रडायची, आणि तिचे पुढचे कित्येक तास बिघडायचे. मग झारी काढून घेण्याऐवजी आम्ही झाडे बदलली. अंब्रेला पाम म्हणून विकले जाणारे सायपरस मुळात पाणथळ जागेतले आहे, त्याची मुळे पाण्यात बुडालेली राहिली तरी चालतात. शेजारी अळू लावले. त्यांना ती हवे तितक्या वेळा पाणी घालते आणि आम्ही कोणीही काही म्हणत नाही. झारी लहान घेतली, म्हणजे मनगटावर भार येत नाही आणि फेऱ्याही जास्त होतात, ज्या तिला हव्याच असतात. नव्या गोष्टी तिच्या लक्षात राहत नाहीत, पण पिवळे पान खुडायचे आणि हिरवे ठेवायचे, हे हातांना अजून बरोबर कळते. तिची स्मृती याने सुधारलेली नाही आणि तशी अपेक्षाही नाही. भांडणे थांबली, तिचीही आणि माझीही.

धागाकर्तीच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे, की आईला मिळते ते काम, आणि मला तिच्याशेजारी काही न बोलता उभे राहण्याची मुभा. काळजी घेणाऱ्या माणसाला हे दुसरीकडे कुठे फारसे मिळत नाही.

एक अडचण आहे. कुंड्यांखालच्या ताटल्या कायम भरलेल्या असतात आणि त्यात डासांच्या अळ्या दिसू लागल्या आहेत. औषध टाकायला नको वाटते, आई त्या पाण्यात हात घालते.

कुंडीबहाद्दर

मधली सुट्टी, औषधाची गरज नाही. अंड्यातून डास उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो, उष्ण हवेत त्याहूनही कमी. म्हणून आठवड्यातून दोनदा ताटल्या पूर्ण रिकाम्या करून आतून घासा, अंडी कडेला चिकटलेली असतात. तेही टाळायचे असेल तर ताटल्यांत काठापर्यंत जाड वाळू भरा. पाणी वाळूत राहील, मुळांना मिळेल, आणि डासाला अंडी घालायला उघडे पाणी उरणार नाही. वाळूच्या वर पाणी चढले तर तेवढे ओतून टाका. घासण्याचे काम आईंना आवडते का, तेही विचारून पाहा.